प्लेन टी-शर्ट कोणता घ्यायचा, ते बोअरच्या पाण्याला विचारा

प्रश्न लातूरच्या एका तरुणाचा आहे. आपल्याकडच्या बोलीतल्या ओळी छापून टी-शर्टचा स्वतःचा ब्रँड काढायचाय, हाताशी ६० हजार रुपये आहेत. त्याला विचारायचंय की प्लेन टी-शर्ट १८० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कापडाच्या वजनाचं माप) घ्यावा की २४०चा, प्युअर कॉटन घ्यावा की मिक्स, तमिळनाडूतल्या तिरुपूरहून थेट मागवावा की इथल्या होलसेलवाल्याकडून, सुरुवातीला रंग किती ठेवावेत, आणि कापड आणून इथंच शिवून घेतलं तर परवडेल का.

आधी थेट उत्तर देतो. १८० ते १९० जीएसएम, शंभर टक्के कॉटन, कॉम्ब्ड, बायोवॉश केलेला (हे शब्द पुढं उलगडतो), राऊंड नेक. काळा आणि पांढरा, दोनच रंग. पहिला माल जवळच्या होलसेलवाल्याकडून, तोही थोडा. २४०चा ओव्हरसाइज दिवाळीच्या सुमारास बघा. शिवून घेण्याच्या भानगडीत सध्या पडू नका. आणि यातलं काहीही विकत घेण्याआधी चार-पाच ठिकाणचा एकेक नमुना आणून घरच्या पाण्यात धुवा. माझं खरं सांगणं या शेवटच्या वाक्यात आहे.

मी संभाजीनगरला स्क्रीन प्रिंटिंग करतो आणि प्लेन मालही विकतो. तेव्हा माझ्या बोलण्यातून विक्रेत्याच्या स्वार्थाची वजावट तुमची तुम्ही करून घ्या.

गिऱ्हाईक दुकानात येतं, टी-शर्ट दोन बोटांत धरून चोळतं आणि म्हणतं, मऊ आहे, हाच द्या. नवा टी-शर्ट मऊच लागणार. शेवटच्या टप्प्यावर कापडाला सॉफ्टनर दिलेला असतो, आणि हलक्या मालात तो सढळ हाताने दिलेला असतो, कारण धाग्याची उणीव झाकायला त्याहून स्वस्त काही नाही. दोन धुण्यांत तो निघून जातो आणि मग खरं कापड हाताला लागतं. सॉफ्टनरचा आणखी एक त्रास म्हणजे सिलिकॉनवाला सॉफ्टनर जास्त असेल, तर त्यावर डीटीएफचा (फिल्मवर छापून गरम दाबाने चिकटवायच्या छपाईचा) गम आणि पाण्यावर बनवलेली शाई नीट धरत नाही. प्रिंट सुटली की शिव्या प्रिंटरला पडतात. हे ओळखायला साधी गोष्ट करा. टी-शर्ट पसरा आणि त्यावर बोटाने पाण्याचा एक थेंब सोडा. स्वच्छ कॉटन तो थेंब बघता बघता पिऊन टाकतं. थेंब मोत्यासारखा वर बसून राहिला, तर एक तर सॉफ्टनर जास्त आहे किंवा कापडात पॉलिस्टर आहे.

पॉलिस्टर आहे का, हे जाळून कळतं. कॉटनचा धागा कागदासारखा जळतो, वासही कागदाचा येतो, राख बोटावर घेतली तर भुगा होते. पॉलिस्टर वितळतं, आकसतं आणि टोकाला कडक काळा मणी उरतो. मिक्स असेल तर दोन्ही थोडं थोडं दिसतं. फक्त धागा शिलाईचा ओढू नका, कापडाचा ओढा. शिलाईचा दोरा बहुतेक पॉलिस्टरचाच असतो. तोच ओढून, जाळून, ‘शंभर टक्के कॉटन सांगून फसवलं’ म्हणून दुकानात भांडायला आलेले लोक मी पाहिलेत.

आता धुण्याचं. टी-शर्टच्या लेबलवर लिहिलेलं असतं: थंड पाणी, सौम्य साबण, उलटा करून धुवा, सावलीत वाळवा. आपल्या घरांत काय होतं? बोअरचं क्षाराचं पाणी, त्यात फेस येत नाही म्हणून मूठभर जास्त पावडर. टी-शर्ट त्यात तासभर भिजतो. मग गळ्याला आणि काखेत ब्रश, वर दगडावर दोन हात. पिळून झटकायचा आणि गच्चीवर एप्रिलच्या उन्हात दिवसभर दोरीवर टाकायचा. तुमचा टी-शर्ट ज्या घरात जाणार तिथलं वास्तव हे आहे. तिथं कोणी लेबल वाचत नाही, आणि आईच्या हातून ब्रश काढून घेण्याची कुणाची छाती नाही. तेव्हा नमुना अगदी तसाच धुवा. निदान पाच वेळा. घाई असेल तर तीन वेळा, पण उन्हासकट.

धुण्याआधी टी-शर्टच्या पोटावर पक्क्या मार्करने ४० सेंटिमीटर बाय ४० सेंटिमीटरचा चौकोन आखा. छाती, लांबी आणि गळ्याची रुंदी वहीत लिहा. धुऊन, वाळवून पुन्हा मोजा. चौकोनाची एखादी बाजू ३८वर आली, म्हणजे कापड पाच टक्के आटलं. २८ इंच लांबीच्या टी-शर्टात पाच टक्के म्हणजे जवळजवळ दीड इंच. त्यापुढे गेला तर तो माल सोडा, विकणारा कितीही ‘प्रीश्रंक आहे’, म्हणजे आधीच आटवलेला आहे, म्हणो. कारखान्यात कापड कॉम्पॅक्टरमधून, म्हणजे ते आधीच आटवणाऱ्या यंत्रातून, नीट काढलेलं असेल, तर इतकं आटत नाही. उंच मुलांची सगळ्यात मोठी तक्रार हीच असते की, घेतला तेव्हा बरोबर होता, आता हात वर केला की पोट दिसतं.

दुसरं बघायचं ते पिळ. धुतलेला टी-शर्ट दोन्ही खांदे जुळवून टेबलावर पसरा आणि बगलेखालची शिलाई खाली कुठं येते ते बघा. ती पुढं पोटाकडं सरकली असेल, तर कापड फिरलंय. सिंगल जर्सीत, ज्याला धंद्यात सिंकर म्हणतात, एकेरी धाग्याचा पीळ उलगडायला बघतो आणि सगळं कापड एका अंगाला ओढतो. थोडं फिरणं चालतं. तीन धुण्यांनंतर शिलाई दीड इंचाच्या वर सरकली तर नको, कारण तुमची छापलेली ओळही तिच्याबरोबर तिरकी दिसणार. काही स्वस्त टी-शर्ट नळीसारख्या विणलेल्या कापडाचे असतात, त्यांना बगलेत शिलाईच नसते. त्यामुळं फिरलेलं चटकन लक्षात येत नाही, पण ते फिरतातच.

तिसरी गोष्ट गळा. माझ्या मते टी-शर्टचं आयुष्य गळ्यावर मोजावं. अंगाचं कापड शाबूत असताना गळा लोंबला की तो टी-शर्ट झोपायचा होतो, आणि झोपायच्या टी-शर्टावरचा तुमचा ब्रँड कुणाला दिसणार? गळ्याची पट्टी रिबची असावी, त्यात थोडं लायक्रा असावं. दोन्ही हातांनी ओढून सोडा, ती लगेच मूळ जागी यायला हवी. आतून मानेच्या मागे, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत टेप लावलेली हवी. ती नसेल तर खांदे ताणतात आणि मानेला शिलाई टोचते. बाह्या आणि खालचा घेर दुहेरी सुईचा असावा. आतली ओव्हरलॉक उलटी करून बघा. धागे लोंबत असतील, टाके विरळ असतील, तर कारखान्याने घाईत उरकलंय. पाच धुण्यांत गळ्याची रुंदी अर्ध्या इंचाहून जास्त वाढली, की त्या पुरवठादाराचं नाव मी खोडतो.

रंगाची परीक्षा सोपी आहे. पांढरा रुमाल ओला करून काळ्या टी-शर्टावर दहा-बारा वेळा जोरात घासा. रुमालावर हलकी सावली आली तर ठीक, सरळ काळा डाग पडला तर तो टी-शर्ट गिऱ्हाइकाच्या बादलीतले बाकीचे कपडे खराब करणार. काळ्याला आपल्याकडे आणखी एक रोग होतो. क्षाराच्या पाण्यात पावडर पूर्ण निघत नाही आणि वाळल्यावर कापडावर पांढुरकी झाक राहते. लोकांना वाटतं रंग उडाला. तुम्ही टी-शर्टासोबत एक चिठ्ठी घाला, मराठीत, चार ओळींची: उलटा करून धुवा, शेवटच्या पाण्यात नीट खंगाळा, उन्हात उलटाच वाळवा, इस्त्री छपाईवरून फिरवू नका. सगळे नाही पाळणार, पण ज्याने वाचलं तो निदान दोष तुम्हाला देणार नाही.

आता जीएसएम. एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, एवढाच त्याचा अर्थ. जास्त जीएसएम म्हणजे जाड कापड, चांगलं कापड नव्हे. ओपन-एंड, म्हणजे स्वस्त, खरबरीत धाग्याचा २२० जीएसएमचा टी-शर्ट पोत्यासारखा असू शकतो आणि कॉम्ब्ड रिंगस्पन धाग्याचा १८०चा त्यापुढे राजबिंडा दिसतो. धाग्याचा नंबर जितका मोठा तितका धागा बारीक. ढोबळ मानाने ३० नंबरच्या एकेरी धाग्यातून १४०-१६०चं कापड येतं, २४ नंबरमधून १८०च्या आसपासचं आणि २० नंबरमधून २०० व त्यापुढचं. विणकाम सैल की घट्ट, यावर हे पुढंमागं होतं. विकणाऱ्याला जीएसएम सगळेच विचारतात. तुम्ही ‘धागा कितीचा, कॉम्ब्ड की कार्डेड’, म्हणजे विंचरलेला की न विंचरलेला, असं विचारा. समोरचा जरा सावरून बसेल.

जीएसएम मोजायला मशीन लागत नाही. टी-शर्टचा १० सेंटिमीटर बाय १० सेंटिमीटरचा चौकोन नीट कापा आणि ओळखीच्या सराफाकडे जा. किराण्याचा काटा इथं कामाचा नाही, सराफाचा लागतो. १.८ ग्रॅम भरला तर १८० जीएसएम, १.६ भरला तर १६०. एकाच चौकोनावर विसंबू नका, पुढून, मागून आणि बाहीतून असे तीन कापा. एक टी-शर्ट वाया जातो. जाऊ द्या, त्याच्या किमतीत शंभर टी-शर्टांचा निकाल लागतो.

हे मुद्दाम सांगतोय, कारण नमुना एक आणि माल दुसरा हा या धंद्यातला जुना खेळ आहे. बाहेरच्या एका पुरवठादाराने मला १८०चा सुंदर नमुना पाठवला, त्यावर मी ऑर्डर दिली आणि गठ्ठा फोडला तर काट्यावर १६२-१६५ भरत होता. फोनवर उत्तर आलं, ‘बायोवॉशमध्ये वजन जातं सर.’ बायोवॉशमध्ये वजन थोडं जातं हे खरंच आहे, पण मग ते नमुन्यातही जायला हवं होतं ना! तेव्हापासून नमुन्यावर दोघांच्या सह्या, आणि माल आला की एकाच साइझचे दहा नग नमुन्यासोबत तोलून मगच उरलेले पैसे.

बायोवॉश म्हणजे काय, तर सेल्युलेज नावाचं विकर कापडावर उभी राहिलेली कॉटनची बारीक लव खाऊन टाकतं. पृष्ठभाग गुळगुळीत होतो, गोळे कमी येतात, बारीक अक्षरांची प्रिंट स्वच्छ उठते. मराठी अक्षरं छापणाऱ्याला याचं मोल जास्त. शिरोरेघ, रफार, अनुस्वाराचा टिंब हे सगळं लव असलेल्या कापडावर फाटल्यासारखं येतं. पण हे विकर फक्त कॉटनवर चालतं, पॉलिस्टरला ते काही करत नाही. ‘हंड्रेड पर्सेंट पॉलिस्टर, बायोवॉश’ असं कोणी सांगितलं तर हसून फोन ठेवा.

कॉम्ब्ड म्हणजे सूत काढण्याआधी कापूस विंचरून आखूड तंतू बाजूला काढलेले. आखूड तंतू राहिले की त्यांची टोकं वर येतात आणि पुढं त्यांचेच गोळे होतात. आता जरा विषय सोडून: हा कापूस आपला असतो. जालना, परभणी, बीडच्या काळ्या रानातला. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रातून निघालेल्या एनएचएच-४४ वाणाने एके काळी हा सगळा पट्टा व्यापला होता. आपल्या तालुक्यांत सरकी निघते, १७० किलोच्या गाठी बांधल्या जातात, त्यातल्या कित्येक दक्षिणेतल्या गिरण्यांत जातात, आणि सूत, विणाई, रंगाई, शिलाई होऊन टी-शर्टच्या रूपात पुन्हा लातूरच्या गंजगोलाईत येऊन आपल्यालाच विकल्या जातात. यावर बोलायला लागलो तर उत्तर संपणार नाही.

तर १८० की २४०? आपल्याकडे मार्चपासून जूनपर्यंत ऊन कसं असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. परभणीत, नांदेडात पारा ४२च्या वर गेल्यावर २४०चा काळा ओव्हरसाइज घालून बसस्टँडवर उभं राहून बघा. रीलमध्ये तो छान दिसतो, कारण रील मुंबईतल्या एसी स्टुडिओत बनतं. बारा महिने खपणारा आणि बारा महिने घालता येणारा टी-शर्ट १८०-१९०चाच. १६०चा काळा चालून जातो, पण १६०च्या पांढऱ्यातून आतलं बनियन दिसतं, म्हणून दोन्ही रंगांत १८० धरा. कॉलेजची पोरं ओव्हरसाइजच मागतात हेही खरं. त्यावर उपाय म्हणजे २०० जीएसएमचा, उतरत्या खांद्याचा ओव्हरसाइज. त्याहून पातळ घेतला तर तो अंगावर मरगळतो, ओव्हरसाइज न दिसता थोरल्या भावाचा वाटतो. २४०चा लूपनिट किंवा फ्रेंच टेरी (आतून फासे असलेलं जाड कापड) ऑक्टोबर ते फेब्रुवारी विका, आणि तोही आधी मोजकाच.

जाडीचा एक हिशोब पोरांच्या लक्षात येत नाही, तो कुरिअरचा. १८०चा एल साइझ सुमारे २०० ग्रॅम भरतो. पॅकिंगसकट दोन टी-शर्ट ५०० ग्रॅमच्या पहिल्या टप्प्यात बसतात. २४०चा ओव्हरसाइज ३०० ग्रॅमच्या आसपास जातो, दोन घेतले की पुढच्या टप्प्याचे पैसे लागतात. ‘दोन घ्या, कुरिअर फ्री’ अशी योजना लावणार असाल तर आधी काट्यावर ठेवून बघा.

छपाई कोणती करणार, हे ठरल्याशिवाय टी-शर्ट ठरवू नका. सब्लिमेशन, म्हणजे उष्णतेने शाईची वाफ करून कापडात उतरवणं, फक्त पॉलिस्टरवर आणि फिकट रंगावर चालतं, म्हणून ते क्रिकेट टीमच्या जर्सीला ठीक, तुमच्या ब्रँडला नको. स्क्रीन प्रिंटिंग कॉटनवर उत्तम, वर्षानुवर्षं टिकतं, पण प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते. एका डिझाइनचे तीस-चाळीस नग नसतील तर दर अंगावर येतो. डीटीएफमध्ये एक नगसुद्धा निघतो, कॉटन, पॉलिस्टर कशावरही बसतं, म्हणून सध्या सगळे तिकडं धावतात. त्याची खोड एकच: छापलेल्या जागी हवा जात नाही. छातीभर भरीव चौकोन छापला तर उन्हाळ्यात त्याच्या आत घामाचं तळं होतं. तुमचं काम अक्षरांचं आहे, हे तुमच्या पथ्यावर पडतं. ‘काय करूलालास’ एवढ्या दोन शब्दांना मागं भरीव पट्टा कशाला? अक्षरं मोकळी ठेवा. सुरुवात डीटीएफने करा, जी ओळ खपते आहे असं दिसेल ती पुढं स्क्रीनवर घ्या.

आणि मिक्स कापडाची गंमत. लाल किंवा मरून पॉलिस्टरवर, पीसीवर (पॉलिस्टर-कॉटन मिक्सवर), पांढरी शाई छापली की छपाईच्या उष्णतेने कापडाचा रंग शाईत चढतो. संध्याकाळी पांढरी दिसणारी अक्षरं सकाळी गुलाबी होतात. प्लॅस्टिसॉल, म्हणजे स्क्रीन प्रिंटिंगची प्लॅस्टिकवाली, शाई पिकवायला साधारण १६० अंश लागतात, तेवढ्यात पॉलिस्टरचा रंग उडायला लागतो. त्यासाठी वेगळी शाई मिळते, कमी तापमानात काम करावं लागतं. नवख्याने यात पडू नये. ग्रे मेलांज (करड्या मिश्र धाग्याचा) कॉटन म्हणून मिळतो, त्यातही पुष्कळदा पॉलिस्टर किंवा व्हिस्कोस असतं, ते विचारून घ्या.

रंग दोनच का, तर हे साधं गणित आहे. सहा रंग आणि पाच साइझ म्हणजे तीस खण. ६० हजारांत प्रत्येक खणात जेमतेम चार-पाच नग येतात. पहिल्या आठवड्यात एल संपतो, एस पडून राहतो, आणि तुमच्याकडं दीडशे टी-शर्ट असूनही गिऱ्हाइकाला ‘तुमचा साइझ नाही’ असं सांगावं लागतं. दोन रंग म्हणजे दहाच खण. एका रंगाचे ६० नग घ्या: एस ६, एम १५, एल १८, एक्सएल १४, डबल एक्सएल ७. दोन रंगांचे मिळून १२०. होलसेलवाला सगळ्या साइझचा सारखा सेट गळ्यात मारायला बघेल, दर दोन-पाच रुपये जास्त पडला तरी साइझ फोडून घ्या. आणि नुसतं ‘एल’ या अक्षरावर जाऊ नका, एका कारखान्याचा एल दुसऱ्याच्या एमएवढा असतो. छाती आणि लांबी इंचात मोजून स्वतःचा तक्ता करा आणि विक्रीच्या पानावर तोच टाका. तिसरा रंग घ्यावासा वाटला तर नेव्ही किंवा बॉटल ग्रीन घ्या. भगवा आणि निळा जयंतीला खपतात, पण तो बाजार वेगळा. १९ फेब्रुवारी आणि १४ एप्रिलच्या मिरवणुकांचे टी-शर्ट मंडळं एका दिवसासाठी, कमीत कमी दरात, पाचशे-हजारांनी घेतात. तिथं १४०चा मिक्स मालही चालतो. ती कामं रोकड म्हणून खुशाल करा, पण त्यावर तुमच्या ब्रँडचं लेबल लावू नका.

पैशांचा अंदाज उदाहरणाने सांगतो, दर तुमचे तुम्ही भरा. समजा टी-शर्ट १८० रुपयांना पडला, त्यावर ५ टक्के जीएसटीचे ९, गाडीभाडं ६, छपाई ६०, लेबल आणि पिशवी १५. झाले २७०. ४९९ला विकला आणि कुरिअरचे ७० तुम्ही भरले, तर हातात १५९ उरतात. त्यातून जाहिरात, सदोष नग आणि कॅश ऑन डिलिव्हरीत परत आलेली पार्सलं वजा करा. परत आलेलं पार्सल जातानाचं आणि येतानाचं असं दोन्ही भाडं खातं. म्हणून सुरुवातीला आगाऊ पैसे देणाऱ्यालाच माल, मग तो मामाचा मुलगा का असेना. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्केच जीएसटी आहे, आधी ही मर्यादा हजाराची होती, त्यामुळं ११९९चा ओव्हरसाइज विकणाऱ्याला आता सोपं झालंय. महाराष्ट्राबाहेर माल पाठवायचा तर उलाढाल किती का असेना, जीएसटी नोंदणी लागते. आणि ६० हजारांतले ३५ हजारांच्या वर पहिल्या मालात घालू नका. दुसऱ्या ऑर्डरला पैसे उरले नाहीत म्हणून बंद पडलेले ब्रँड मी बरेच पाहिलेत, डिझाइन त्यांचे चांगले होते.

इथून घ्यावं की तिरुपूरहून? तिरुपूरचा दर कमी आहे यात वाद नाही, देशातल्या होजियरीची ती मोठी पेठ आहे. पण तिथला चांगला कारखाना तुमच्या १२० नगांसाठी मशीन लावणार नाही. तुमच्याशी बोलणारा बहुधा मधला व्यापारी असणार, आणि माल सदोष निघाला तर तो परत पाठवायचं भाडंच नफा खाऊन टाकेल. लातूरला किंवा संभाजीनगरला दहा-वीस रुपये जास्त गेले तरी माल हाताळून घेता येतो, फाटका नग बदलून मिळतो आणि संपलेला साइझ दुसऱ्या दिवशी ट्रॅव्हल्सच्या डिकीतून येतो. महिन्याला तीनशे-चारशे नग नियमित जायला लागले की तिरुपूरला एकदा स्वतः जाऊन या. ‘एक्स्पोर्ट सर्प्लस’, म्हणजे निर्यातीतून उरलेला माल, मात्र घेऊ नका. माल कधी कधी फार सुंदर असतो, दरही मोहात पाडणारा असतो, पण तोच टी-शर्ट पुन्हा मिळत नाही, आणि ब्रँड म्हणजे दुसऱ्या वेळीही तोच टी-शर्ट. याच कारणाने प्रत्येक लॉटमधला एक नग न धुता, न छापता बाजूला ठेवा. काळ्यालाही छटा असतात, नव्या लॉटचा काळा जुन्याशेजारी ठेवला की कळतं. बिल पक्कं घ्या, त्यावर ६१०९ हा एचएसएन (जीएसटीसाठीचा मालाचा क्रमांक) असावा, टी-शर्टचा तोच आहे.

शिवून घेण्याचं एका परिच्छेदात उरकतो. होजियरीचं कापड किलोवर मिळतं, १८०च्या एका किलोत साधारण चार ते पाच टी-शर्ट बसतात, त्यामुळं कागदावर स्वस्त वाटतं. पण त्याला ओव्हरलॉक आणि फ्लॅटलॉक मशीन लागते, बोथट टोकाची सुई लागते, आणि ताणणारं कापड न ताणता चालवणारा हात लागतो. आपला नेहमीचा शिलाईवाला शर्ट-पँटचा उस्ताद असला तरी त्याच्या साध्या मशीनवर गळ्याला लाटा येतात. वर्षभर ब्रँड चालला तर बघा.

लेबलचं आधीच ठरवा. दुसऱ्याचं शिवलेलं लेबल कापून काढलं की मानेला खुंट टोचतो. फाडता येणाऱ्या लेबलचा किंवा बिनलेबलचा माल मागा आणि मानेच्या आत तुमचं नाव, साइझ, कापड आणि धुण्याची सूचना छापून घ्या. नाव नोंदवायचं तर कपडे ट्रेडमार्कच्या २५व्या वर्गात येतात. एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे. शंभर टी-शर्ट विकले जाईपर्यंत थांबलात तरी चालेल, पण ते नाव आधीच कुणी घेतलंय का, हे छापण्याआधी शोधा. तो शोध फुकट होतो.

वेळेचं एक राहिलं. तिरुपूर पोंगलला, म्हणजे जानेवारीच्या मध्यात, काही दिवस थंडावतं, दिवाळीलाही कामगार गावी जातात. त्याच्या आगेमागे आपल्याकडच्या होलसेलवाल्यांचाही माल आटतो, कारण त्यांचाही माल तिथूनच येतो. शिवजयंतीच्या आधी नवं डिझाइन काढायचं असेल तर प्लेन टी-शर्ट डिसेंबरातच घरात आणून ठेवा. जानेवारीच्या शेवटी मागवलात तर काळ्याचा एल आणि एक्सएल मिळणार नाही, उरलेला एस आणि डबल एक्सएल व्यापारी आनंदाने देईल. १७ सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनासाठी काही करायचं असेल तर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात माल ताब्यात हवा, कारण त्या दिवसांत गणपती मंडळांच्या ऑर्डरी घेऊन प्रत्येक प्रिंटर रात्री जागत असतो. मीही.